पायविहिरीचं पाणी कोण प्यायचं

आबा, वारसा मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र मला मिळालं. वर्षभर दर शनिवारी नंदुरबारला जात होते. घरात अहिराणीत ‘शे’ म्हणणारी मी, चारचौघांत ‘आहे’ म्हणायला सरावले. झिजलेला दगड कसा वाचायचा, प्रश्न आला की आधी पुरता ऐकून कसा घ्यायचा, ते शिकले. शेवटच्या परीक्षेसाठी जागा ज्याची त्यानं निवडायची होती. मी आपल्या मळ्यातली जुनी पायविहीर निवडली. तिची एकेक पायरी तुम्हीच मला दाखवली होती.

सगळं नीट पार पडत होतं. शेवटी परीक्षक बाईंनी सहज विचारलं, की या विहिरीचं पाणी कोण कोण प्यायचं. आणि मला ती दुपार दिसली. मी नऊ वर्षांची आहे. सातपुड्यातून कापूस वेचायला आलेली एक बाई तहानेनं तिसऱ्या पायरीपर्यंत उतरली आहे. तुम्ही आवाज न चढवता म्हणता, “वर ये. पानी आम्ही वतसूत.” मग भरलेला तांब्या माझ्या हातात देता. ती ओंजळ धरते. मी उंचावरून ओतते. तसंच ओतायचं असतं हे मला कुणी न सांगता ठाऊक आहे. निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडतं.

“सगळं गाव प्यायचं,” मी बाईंना म्हणाले.

उत्तर त्यांना इतकं आवडलं, की विहिरीजवळच्या फलकावर तेच लिहिलं गेलं. आता दर रविवारी त्या फलकाशी उभं राहून मला ते म्हणावं लागतं. बदलायचं तर मीच खोटी ठरते. भावाजवळ एकदा विषय काढला. त्याचा घास हातातच राहिला. “आबा गयात. आते त्यासनं नाव कशाले काढस?” एवढंच बोलला.

गेल्या रविवारी धडगावकडच्या एक शिक्षिका आल्या होत्या. फलक वाचून हळूच म्हणाल्या, “माझी आई यायची इकडं कापूस वेचायला.” मी मान हलवली आणि विहिरीच्या कमानीबद्दल सांगत राहिले.

हे पत्र कुठं पाठवणार? तुमचं नाव राखायला खोटं बोलले, असं मी स्वतःला समजावत आले. तसं नाही. त्या दुपारी तुम्ही तांब्या माझ्या हाती दिलात, तेव्हा मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, आबा. फार बरं वाटलं होतं.