भाऊमंडळींच्या महिन्यात लोकेशन

२३ ऑगस्ट, शनिवार

चांद्र पंचांगाचा सातवा महिना लागला. पलीकडचं, मेलेल्यांच्या जगाचं दार आज उघडलं, आता महिनाभर भाऊमंडळी गावात. (खरा शब्द लिहीत नाही. वहीतही नाही. घाबरून नव्हे, सभ्यता म्हणून.)

या महिन्यात अख्ख्या चियायी शहरात कोणी लग्न करत नाही, नवरीच्या वेषात फोटोही काढून घेत नाही. स्टुडिओ थंड. म्हणून आमच्या धंद्यातले लोक लोकेशनं याच महिन्यात बघून ठेवतात. आता गंमत बघा. नवऱ्या मुलींना फोटोसाठी हवं असतं समुद्र, जंगल आणि पडकं घर. आणि या महिन्यात जिथे पाऊल टाकू नये म्हणतात त्या जागा म्हणजे समुद्र, जंगल आणि पडकं घर.

वान्रू जेवायला आली होती. एकुलती एक लेक, डिसेंबरात लग्न. म्हणाली, बाबा, माझा अल्बम तुम्हीच करायचा. पण बाहेर, तुमच्या त्या रंगवलेल्या पडद्यासमोर नाही. महिना संपेपर्यंत एक जागा पक्की करून टेस्ट फोटो दाखवा. आठव्या महिन्यात सगळ्यांच्या तारखा भरतात, मग मला फांगकडे जावं लागेल.

फांग माझा जुना चेला. समोरच दुकान थाटलंय. त्याच्याकडे ड्रोन आहे, माझ्याकडे एकतीस वर्षांचा अनुभव. माझ्या लेकीचा अल्बम त्या फांगने करायचा? मी जिवंत असताना?

तीन जागा बघायचं ठरवलं. नवे बूट आणले. बायको म्हणाली, आधी रात्री गच्चीवरचे वाळलेले कपडे आणायला एकटे जाऊन दाखवा. बायको या असल्या गोष्टी फार मानते. मी नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

समुद्र.

दुपारी ३ ला पोचलो. ३.५० पर्यंत गाडीतच बसून प्रकाशाचा अभ्यास केला. काचा वर, दारं लॉक. गाडीतूनही खूप काही कळतं.

बंधाऱ्यापाशी एक आजी कालवं सोलत बसलेली. मला बघून म्हणाली, काय रे मुला, या महिन्यात पाण्याजवळ कशाला कडमडलास, पाय ओढतात. मी हसून सांगितलं की मी आधुनिक माणूस आहे. ती म्हणाली, गेल्या वर्षी बुडाला तोही आधुनिकच होता.

तिला वाईट वाटू नये म्हणून मी पाण्यापासून वीस पावलांवर थांबलो. कॅमेऱ्याचा स्टँड लावला. तेवढ्यात घोट्याला काहीतरी गार, ओलं चिकटलं. खाली बघितलं नाही. मागेही बघितलं नाही. गाडीत येऊन बसलो तेव्हा दात वाजत होते. वारा बोचरा होता. ३४ डिग्री तापमानातही असा वारा असतो.

स्टँड तिथेच राहिला. आजीने हाका मारल्या असतील. ऐकू आल्या नाहीत.

निर्णय: समुद्र बाद. कारण: खारी हवा लेन्सला मानवत नाही.

२७ ऑगस्ट

नव्या बुटाच्या लेसला शेवाळ अडकलेलं सापडलं. त्याचा कालच्या गोष्टीशी काही संबंध नाही.

३० ऑगस्ट, शनिवार

अलीशान डोंगरावरचं देवदारांचं जंगल. गळ्यात तीन देवळांचे ताईत. बायकोच्या आग्रहाखातर. (तिने एक म्हटलं होतं.)

पार्किंगमध्ये माझी एकटीच गाडी. आत गेलो तर धुकं. पायवाटेवर चिटपाखरू नाही. प्रकाश मात्र असा सुंदर की काय सांगू. झाडांमधून दुधासारखा खाली येत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला. वान्रू इथे पांढऱ्या झग्यात उभी राहील असं मनात आलं आणि खरंच भरून आलं.

आणि मागून हाक आली. बाबा.

आता हे लहान पोरालाही ठाऊक आहे की सातव्या महिन्यात मागून कोणी हाक मारली तर वळायचं नाही. ती मंडळी ओळखीचा आवाज काढतात. पुन्हा हाक, बाबा, अहो थांबा. हुबेहूब वान्रूचा आवाज. लाडात आल्यावर तिचा शब्द जरा लांबतो ना, तेही बरोबर. पण मी फसलो नाही. वान्रू शनिवारी कामावर असते.

पळालो असं म्हणता येणार नाही. पुढच्या वळणावरून दुसऱ्या वाटेने भराभर उतरलो. हाक मागे मागेच. एकदा तर रडवेली. किती हुशारीने करतात. गाडी काढली आणि दीड तास कुठेही न थांबता घरी.

फोटो: शून्य. पण डोकं शाबूत ठेवलं. फांग असता तर वळला असता.

३१ ऑगस्ट, रविवार

ती वान्रूच होती.

सुट्टी काढून बोयेनबरोबर, म्हणजे होणाऱ्या जावयाबरोबर, स्कूटरवरून माझ्या मागे आली होती. मला डबा घेऊन. एवढ्या थंडीत बाबा एकटे काय खातील म्हणून. घाटात टायर पंक्चर झालं. ते दोघं स्कूटर पार्किंगपर्यंत ढकलून आत चालत आले तर समोर मी, आणि मी तिला सोडून पळालो. म्हणजे उतरलो. मग पाऊस आला. टेम्पो मिळेपर्यंत दोन तास भिजत उभे होते.

हे सगळं बायकोने सांगितलं. वान्रू फोन उचलत नाही. बोयेनने उचलला. फार सभ्य मुलगा. म्हणाला, काका, तुम्ही फार चपळ आहात.

ठराव: तिसरी जागा काहीही झालं तरी करायची. टेस्ट फोटो आणायचेच.

६ सप्टेंबर, शनिवार

महिन्याचा पंधरावा दिवस, म्हणजे भाऊमंडळींची गर्दी सगळ्यात जास्त. प्रत्येक दुकानापुढे त्यांच्या नैवेद्याचं टेबल मांडलेलं: बदक, बिस्किटं, बीअर, त्यांना तोंड धुवायला पाणी आणि टॉवेल. मी दोन टॉवेल ठेवले. एकाला कमी पडायला नको.

बरोब्बर दुपारी १२ ला जुन्या साखर कारखान्याच्या ओसाड चाळीत गेलो. या वेळी सावल्या आखूड असतात, फोटोसाठी उत्तम. (उत्तम नसतात. पण असो.) दार आपोआप करकरलं. आतून कोणीतरी श्वास घेत होतं. तरीही मी खिडकीवर कॅमेरा रोखून, डोळे मिटून, एक फोटो काढला. एक. पण काढला.

घरी मोठा करून बघितला. खिडकीत चेहरा! पांढराफटक, तोंड वासलेलं, डोळे मिटलेले. पुसायचं बटण चौथ्या वेळी लागलं. पुसून टाकला.

बायको मागेच उभी होती. म्हणाली, अहो, काचेत तुम्हीच होतात. ते टक्कल मी कुठेही ओळखेन.

२१ सप्टेंबर, रविवार, दुपार

महिना आज संपतो. वान्रू आली. बूट दारात काढले, बसली, टेस्ट फोटो मागितले. मी समुद्राच्या खाऱ्या हवेबद्दल बोललो. जंगलातल्या धुक्याबद्दल बोललो. तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, फांगला काल तारीख दिली. रागावून नाही दिली, वाट बघून दिली. आणि म्हणाली, बाबा, मला भीती वाटते एवढं म्हणाला असतात ना, तर मी तुमच्या पडद्यासमोर उभी राहिले असते. मला फोटो तुमच्याकडून हवे होते. समुद्र काय, कुठेही असतो.

माझ्याकडे बघत राहिली. चहा निवला तरी बघत होती. मला कळत होतं ती कशासाठी थांबली आहे.

मी म्हणालो, प्रकाश बरोबर नव्हता गं.

ती उठली, बूट घातले, जाते म्हणाली.

दुपारी ४.४०

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. घाबरलो होतो. तिन्ही ठिकाणी. जंगलात इतका घाबरलो की पोरीचा आवाज ओळखूनही पळालो. याची मला लाज वाटते.

२२ सप्टेंबर, सोमवार

आठवा महिना. सकाळी ८ ला तिच्या घरी गेलो. जिन्यात तीनदा पाठ केलं आणि दारातच सांगून टाकलं की मी घाबरलो होतो, फार घाबरलो होतो.

ती म्हणाली, माहीत आहे बाबा. पाचवीत असल्यापासून माहीत आहे. आणि माझ्या गळ्यात पडली. एकतीस वर्षांत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं.

फांगची तारीख आता मोडता येत नाही म्हणाली, बिचाऱ्याने दुसरं गिऱ्हाईक सोडलंय. पण रिफ्लेक्टर धरायला त्याला माणूस हवाय. तुम्ही या ना, म्हणजे निदान माझ्यावरचा उजेड तरी तुमचा असेल.

येतो म्हणालो. दोनदा म्हणालो. मग कुठे ते विचारलं.

समुद्रावर. पाण्यात उभं राहून. गुडघ्याएवढ्या.

भाऊमंडळी केव्हाच परत गेलीत. आता तर पाणी हे फक्त पाणी. मी म्हणालो, बघतो, हल्ली पाठ फार दुखते. ती बरं म्हणाली आणि ओट्याकडे वळून भांडी आवरू लागली.

माझ्या पाठीला काहीही झालेलं नाही.