शेवेचा बर्गर आणि होणारी विहीण

धुळे, रविवार संध्याकाळ

अजून काही सुचत नाहीये. आमची ईशा "बाबा, नव्या दुकानातला बर्गर चाखून निकाल द्या" म्हणाली, तेव्हाच संशय यायला हवा होता. मी आपला सवयीने नावं ठेवत सुटलो. पाव म्हणजे गादीचा कापूस, आणि आत चक्क शेव? ही कोंबणाऱ्याला आधी शेवभाजी खाऊ घाला, म्हणालो.

गल्ल्यावरचा तरुण शांतपणे अहिराणी वळणात म्हणाला, "शेवेची आयडिया आईची शे, काका."

"बाबा, हा रोहन," ईशा म्हणाली. "आम्ही लग्न करतोय."

मेयोनीज बाहीवर सांडलं ते तेव्हाच. म्हणजे ती शेव विहीणबाईंची?

बर्गरला दहापैकी तीन दिले होते. मुलाला किती द्यावेत, घरी आल्यावर बायकोला विचारलं. बाहीवरचा डाग घासत ती म्हणाली, "तुम्हाला विचारलंय कोणी?"