पहिलं पान बाबांचं

परदेशीपुरा, इंदूर
२६ नोव्हेंबर २०२५

प्रिय धम्मा,

त्या सोमवारी नळ साडेपाचलाच आला होता. मी टाकी भरली, माठ घासून भरला, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा करून गाडीची वाट बघत दारात उभी राहिले. गेल्या वर्षीचा मे महिना, सकाळीच भिंती तापलेल्या. आत तू बॅग भरत होतीस. मत द्यायला म्हणून पुण्याहून दोन दिवसांसाठी आली होतीस आणि दुपारच्या गाडीनं परत निघणार होतीस. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच मत द्यायला गेले. दर निवडणुकीला आपण तिघं मिळून जायचो. आल्यावर त्यांनी शेव घालून पोहे खाल्ले, शाई लागलेलं बोट धुताना जपलं आणि पेपर घेऊन बसले. तू म्हणालीस, भूक नाही.

आपल्याकडे पेपर कापायचे, आठवतं ना? पहिलं आणि शेवटचं पान एकाच कागदाचं असतं, म्हणून बाबा मधली घडी नखानं दाबून चाकूनं ते दोन करायचे. पहिलं पान त्यांचं, शेवटचं माझं. माझी शाळा बुऱ्हाणपूरला तिसरीतच सुटली. लग्न होऊन इथं आले तेव्हा आकडे तेवढे येत होते. शेवटच्या पानावर खेळ, म्हणून आकडेच जास्त आणि फोटोखाली नाव. चेहरा ओळखीचा झाला की नावातली अक्षरंही ओळखीची व्हायची. त्या खेळाडूंनीच मला वाचायला शिकवलं असं म्हण. मग तुझी शाळेची पुस्तकं वाचली, मग विहारातलं कपाट. पण सकाळचं पान बदललं नाही. मीही कधी पहिलं मागितलं नाही.

आदल्या संध्याकाळचा वाद तू विसरली नसशील. इथल्या एका मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला होता आणि सगळ्या शहरात नोटाची, 'यापैकी कोणी नाही'च्या बटणाची चर्चा होती. तू म्हणालीस, तेच दाबायचं. बाबा चिडले. माझा बाप महूच्या छावणीत वर्दी घालून राबला, त्याला जे मिळालं नाही ते बाबासाहेबांच्या कलमानं मला मिळालं, ते मत मी 'कोणी नाही'ला घालू? तू म्हणालीस, बाबा, तुम्ही रांगेत उभं राहण्यालाच लोकशाही समजता. मी पोळ्या लाटता लाटता मध्ये पडले. म्हटलं, समोरचा मोठा संघ मैदानातच उतरला नाही तर त्याला सामना म्हणत नाहीत, वॉकओव्हर म्हणतात. तू हसलीस. म्हणालीस, आई, तू राहू दे, तुझं पान शेवटचं.

तू ते सहज बोललीस. मला ते लागलं.

त्यानंतर तू आणि बाबा फोनवर फक्त स्कोअर बोलायचात. किती झाले, कोण आउट झालं, बरं, ठेवतो. यंदा फेब्रुवारीत दवाखान्यात नेईपर्यंतच बाबा गेले. आता पेपर कापत नाही. अख्खा कागद समोर घेते, म्हणून पहिलं पानही वाचलं जातं. तुला हसू येईल, पण मला त्यात रोज तेच दिसतं, कोण कोणाला काय म्हणालं. शेवटच्या पानावर निदान खाली एक आकडा असतो, आणि तो आला की भांडण संपतं. खेळ झाला की हात मिळवायचा, हे मी त्या फोटोंमधूनच शिकले होते. सप्टेंबरात आशिया कपला पाकिस्तानशी खेळताना तेही झालं नाही. कोणाचं बरोबर ते मला ठरवता येत नाही, सीमेवर ज्यांचं माणूस गेलं त्यांना मी काय सांगणार? पण तो फोटो बघून वाटलं, बाबांचं पान आता माझ्या पानावर यायला लागलंय.

मग या महिन्यात उलटंही झालं. ऑक्टोबरात आपल्या इंदुरातच चार धावांनी हरलेल्या त्या पोरी विश्वचषक जिंकल्या. सकाळी पेपरवाला शाम पेपर फेकून न जाता दारात थांबला, म्हणाला, अम्माजी, आज तो छोरियाँ पहले पन्ने पे! बाबा नेहमी म्हणायचे, या एकदा जिंकणार. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, पाहिलं, बावन्न धावांनी. आणि फोन ठेवलास. तेव्हाच सांगायला हवं होतं.

दोन-चार दिवसांनी मतदारयादी तपासणाऱ्या शिवांगी मॅडम आल्या. शाळेत शिकवतात, बिचाऱ्या दिवसभर दारोदार फिरतात. त्यांनी तीन फॉर्म दिले, माझा, तुझा आणि बाबांचा. इनके फॉर्म पर 'मृत' लिखके साइन कर देना, अम्माजी, एवढंच म्हणाल्या. फोनवर तुझ्या फॉर्मचं विचारलं तर तू म्हणालीस, काढून टाक नाव, माझं तिथं काय उरलंय. मॅडम दोनदा येऊन गेल्या, दोन्ही वेळा मी म्हटलं, अजून वाचते आहे. परवा त्या म्हणाल्या, कल आख़िरी बार आऊँगी. मी पेन घेऊन बसले, पण तो शब्द लिहवेना. त्या माणसाच्या मतावर मी एकदा हात ठेवून बसले आहे, आता त्याचं नावही माझ्याच हातानं काढायचं होतं.

धम्मा, हे पत्र त्यासाठीच आहे. त्या सोमवारी तू आंघोळीला गेलीस तेव्हा बाबा ओट्याशी आले. म्हणाले, मीरा, वॉकओव्हरच होता गं, 'कोणी नाही'च दाबलं. मला नाही बोलता येणार तिच्याशी, तू सांग. मी हो म्हटलं. मला तुझा राग आला होता, म्हटलं, जरा थांबू दे हिला. तू गेलीस. मग दिवस गेले तसं सांगणं जड होत गेलं. त्यांना वाटत राहिलं की तुला कळलंय आणि तरी तू स्कोअरच विचारतेस. एकदा म्हणाले, मोठी झाली पोरगी, माफ करत नाही. तेव्हाही मी भाजी चिरत राहिले. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू म्हणालीस, बाबा माझ्यावर रागावूनच गेले, आणि मी तुझ्या पाठीवरून नुसता हात फिरवला. ते रागावलेले नव्हते. तुमच्या दोघांच्या मध्ये मी बसले होते. माफी माग म्हणालीस तर मागेन, माफ केलं नाहीस तरी समजेन. परवा मी बाबांच्या फॉर्मवर 'मृत' लिहिलं आणि खाली माझी पूर्ण सही केली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, नळ आला, पाणी भरलं. मॅडम आल्या तेव्हा त्यांना दोन फॉर्म दिले. तुझा न भरताच या पाकिटात घातला आहे.

तुझीच,
आई