आत्याचा अंगठा

ता. ३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आत्याचं मनगट जुळायला लागलंय, पण प्लास्टर अजून हातावरच आहे. दुखण्यापेक्षा तिला हात बांधल्याचाच राग जास्त. ती घासत होती तो दुर्बिणीचा मोठा आरसा अर्धवट राहिलाय. त्याच्यावरचं कापड ती सारखी उचलून बघते आणि सुस्कारा टाकून पुन्हा झाकते. प्लास्टर दोन दिवस आधी काढलं तर काय बिघडेल, असं विचारून विचारून तिने डॉक्टरांना अगदी भंडावून सोडलंय.

आता वाईट बातमी. काल एक माणूस टेप घेऊन थेट वरच्या मजल्यावर, तिच्या आरशांच्या कारखान्यात आला आणि भिंती मोजू लागला. मी हटकलं, तर त्याने शांतपणे कागद दाखवला. आत्याने आपल्या दादाला कुलमुखत्यारपत्र दिलंय म्हणे, म्हणजे तिच्या वतीने दादा घर विकू शकतो. आणि त्याने ते विकायचं ठरवलंसुद्धा! खाली आत्याचा अंगठा, शेजारी दोन साक्षीदार, दोघेही दादाचे मित्र.

आपण असलं काही दिलंच नाही, असं आत्या ठामपणे म्हणाली. मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, की हॉस्पिटलमध्ये दुखण्याच्या इंजेक्शनाची गुंगी होती, तेव्हा कदाचित अंगठा दिलाही असेल. दादाला फोन केला. त्याचं म्हणणं, उजवा हात प्लास्टरमध्ये म्हणून आत्याने स्वतःहून डावा अंगठा दिला, आता ती विसरली, या वयात असं व्हायचंच. ती आपल्याकडेच राहील, तिला काही कमी पडणार नाही, असंही म्हणाला.

बाबा, घर जाईल याची भीती आहेच, पण मला तिच्या त्या ‘कदाचित’ची जास्त भीती वाटते. सकाळपासून ती गॅस बंद केला का, गोळी घेतली का, हे मला पुन्हा पुन्हा विचारतेय. काचेतली डोळ्याला न दिसणारी खोट ओळखणारी आपली आत्या, आणि तिचा स्वतःच्या डोक्यावरचाच विश्वास उडालाय. उद्या वकीलबाईंकडे जाते.

प्रकृतीला जपा, आणि माझ्यावर रागावलात तरी माया पातळ करू नका.

आपली,
खार


ता. ९ फेब्रुवारी

चि. खार हिस,
अ. उ. आ.

तू लहानपणी झाडावर चढायचीस म्हणून तुला खार म्हणायला लागलो. आता कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला निघालीस. जरा दमाने घे.

दादा आत्याच्या अंगाखांद्यावर वाढला आहे. ती त्याला भरवायची तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. तो असं करेल हे माझ्या मनाला पटत नाही. तिला आठवत नसेल हेच खरं असावं. गेल्या वर्षी तिने माझ्या वाढदिवसाचा फोन महिनाभर आधी केला होता. (तारखांच्या बाबतीत तिचा पहिल्यापासून आनंदच आहे, हे मान्य.) पण घरातलं भांडण चव्हाट्यावर नेलं तर पुढे एकमेकांना तोंड कसं दाखवायचं? जिने चढून एकट्या बाईने राहायचं वय आहे का ते? दादाशी बोलून घे आणि वकिलांचा नाद सोड.

माझे गुडघे कुरकुरत आहेत, बाकी ठीक. पत्र लिहीत जा, तुझ्या अक्षरावर तरी माझा राग नाही.

तुझे,
बाबा


ता. २१ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही. का ऐकलं नाही, ते शेवटपर्यंत वाचा, मग हवं तेवढं रागवा.

नोंदणी कचेरीतून मुखत्यारपत्राची नक्कल मिळाली. आत्याने टेबलाचा दिवा लावला, डोळ्याला भिंग लावलं आणि आरसा तपासावा तसा तो अंगठा तपासला. मग एकदम हसत सुटली. मला वाटलं, आता खरंच संपलं. तर ती म्हणाली, किती सुबक ठसा आहे, एकेक रेष मोजून घ्यावी! आणि डावा हात माझ्यापुढे धरून भिंग माझ्या हातात दिलं.

बाबा, तिच्या अंगठ्यावर एकही रेष नाही. नखासारखा गुळगुळीत आहे. आरशाची शेवटची खोट कुठल्याच यंत्राने निघत नाही म्हणे. अंगठ्याला लाल पावडर लावून तेवढीच जागा हलकेच घासायची, अंगठ्याची ऊब काचेतून निघून जाईपर्यंत थांबायचं, तपासायचं, पुन्हा घासायचं. जन्मभर ती दोन्ही अंगठ्यांनी हेच करत आली. त्या रेषा काचेवर झिजल्या, आणि त्याच काचांतून कुठे कुठे माणसं तारे बघताहेत. मी तो हात धरून नुसती बसून राहिले.

वकीलबाईंनी केलेल्या तक्रारीवर काल कचेरीत सुनावणी होती. दादाही आला होता. कारकुनाने आत्याचा डावा अंगठा शाईवर टेकवून कागदावर उमटवला, तर नुसता काळा डाग. नीट दाबा म्हणून तो तिच्यावरच खेकसला. अंगठा पुसला, पुन्हा घेतला, पुन्हा डाग. शाई बदलली, तरी डागच. शेवटी त्याने साहेबांना हाक मारली. साहेबांनी आत्याचा हात दोन्ही हातांत घेऊन उजेडाकडे वळवला आणि हे कशाने झालं म्हणून विचारलं. तिने सांगितलं. साहेब खुर्चीवरून उठलेच. रांगेत कुरकुरणारी माणसंसुद्धा पुढे वाकून बघू लागली. बाबा, मला मोठ्या घुमटाखाली उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि होतं काय, तर शाईने माखलेलं एक लाकडी टेबल.

कागद रद्द ठरवायचा तो कोर्टानेच, पण हा ठसा तिचा नाही आणि तोवर व्यवहार थांबवावा, असं साहेबांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. मग वकीलबाईंनी दादाचाही ठसा घ्यायला सांगितलं. त्याने आपला अंगठा मुठीत दाबून धरला होता. त्याची गरज नाही, एवढंच तो खाली मान घालून म्हणाला.

आता रागवा. पण लेक म्हणून जवळ धरा.

आपली,
खार


ता. २६ फेब्रुवारी

चि. खार हिस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. पाठच्या बहिणीचा हात शेवटचा कधी हातात घेतला, ते आठवत बसलो. आठवलं नाही. दादा तिचा लाडका, त्यानेही कधी घेतला नसणार, नाहीतर असला सुबक ठसा उमटवायला धजला नसता.

काल त्याचा फोन आला होता. रडला. मी ऐकून घेतलं, पण समजूत काढली नाही. तुझ्यावर रागावायला तोंडच उरलं नाही. गुडघे काहीही म्हणोत, पुढच्या आठवड्यात येतो. आत्याला सांग.

तुझे,
बाबा


ता. ८ मार्च

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

प्लास्टर निघालं. हे अक्षर माझंच आहे, वाकडं असलं तरी. तू येऊन गेलास, दोन्ही जिने चढलास आणि एकदाही कण्हला नाहीस. माझा हात धरून बसलास तेव्हा मी काही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते, आणि आरशाजवळ पाणी चालत नाही.

घर वाचलं याचा आनंद आहे. पण खरं सांगू? त्या टेपवाल्यापासून मला वाटत होतं, आपलं डोकं गेलं. ते जागेवर आहे, हे कळलं त्या दिवशी मी कचेरीतून पोरीसारखी चालत आले.

पोलिसांत जायचं का, असं वकीलबाई विचारत होत्या. मी नको म्हटलं. दादाला निरोप धाडलाय, दर रविवारी ये आणि माझ्यासमोर बसून काच घास. त्याचा अंगठा माझ्यासारखा झाला की मी त्याच्याशी बोलेन. गेल्या रविवारी आला होता. घासत होता. मी काही बोलले नाही.

खाली सही करते आणि अंगठाही उठवते. नुसता डाग दिसेल. तोच माझा, ओळख ठेव.

तुझी,
धाकटी