टेप उलटताना

प्रिय मार्लीन,

ओकलंडच्या त्या जुन्या रॉक कॉन्सर्टमध्ये आम्ही प्रेक्षकांनी केलेल्या सगळ्यांच्या टेप जोडून मी एक झकास प्रत बनवतोय. माझी टेप उलटताना हुकलेला तुकडा तिथे माझ्या शेजारीच रेकॉर्ड करणाऱ्या व्हर्ननच्या टेपवरून घेतला, तर त्यात तुझा आवाज! माझ्या माइकजवळ कुणी बोललं की मी खेकसायचो, म्हणून तू माझं रेकॉर्डिंग थांबायची वाट पाहिली होतीस.

"क्लाइड, मला पोर्टलंडला नोकरी मिळालीय. तू नको म्हणालास तर नाही जाणार."

"गप्प गं, टेप लावतोय!"

तू न सांगता गेलीस, असंच मी सगळ्यांना सांगत आलो. आता हे पत्र पाठवायला तोंड नाही.

व्हर्नन म्हणाला, "तो बाईचा आवाज काढ की लेका!" लोकांच्या प्रतीतून काढला. घरी मात्र व्हर्ननची मूळ टेप लावतो, माझ्या 'गप्प'च्या आधी थांबवतो आणि म्हणतो, "नको जाऊस."

उशिरा ऐकणारा,
क्लाइड