देठासकट मिरची

भगवानराव भाऊजींस, वच्छलाचा नमस्कार.

आज सोसायटीच्या सभेत तुमी म्हणाले, "सिलोनवाल्याइनं आपली मिरची वापस केली. मले त्याइनं मुंबईतच सांगतलं होतं, देठ ठेवा, नाहीतर बोटीत बुरशी लागते. पण आपल्या बायाइले अक्कल कुठं!" मी दाराआड उभी होती.

आपल्या माणसाले मिरची देठ खुडून द्यावी, परक्याले देठासकट, हे मले तुमच्याच आईनं शिकवलं. अन् सिलोनवाल्याइसंग मिरचीचा करार झाला तवा तुमीच गावात सांगत फिरले, "सिलोन शेजारी देश आहे, आता घरोबा झाला." म्हणून डोणगावच्या साऱ्या बाया देठ खुडत बसल्या. हाताची अशी आग व्हायची, की लेकरू जवळ घेता येत नव्हतं.

मुंबईत सांगतलेलं आमाले काऊन नाई सांगतलं? बायाइले काय विचाराचं, म्हणून?

हे पत्र धाडत नाई. भावाभावात भांडण लागन. पण मेहकरले तुमच्या घरी दरसाल माझ्याच हातची मिरची जाते. यंदाही जाईन.

देठासकट.

वच्छला