रिकामं ऐकणं

प्रिय बाबा,

पाकीट हातात पडल्यावर तुम्ही ते उलटंपालटं करून बघाल आणि म्हणाल, हिच्या फोनला काय धाड भरली? पत्र का लिहिलं ते शेवटी सांगते. मधलं सोडून आधी शेवटचं पान वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे, तेव्हा कृपा करून या वेळी ओळीनं वाचा.

आधी तुमच्या प्रश्नाचं. प्रत्येक फोनवर तुम्ही एकच विचारता, "डबी कशी वाजते?" मी प्रवासात गाणी ऐकते म्हणून तुम्ही घरी बसून, स्वतःच्या हातानं हेडफोनसाठी तो छोटा ॲम्प्लिफायर बनवून पाठवलात, आणि मी अजून त्याबद्दल धड काही बोललेले नाही. खिशात छान बसते, म्हणाले. बॅटरी दिवसभर पुरते, म्हणाले. मागच्या वेळी तर आवाजाचं बटण किती मऊ फिरतं याचं कौतुक केलं. यातलं खोटं काहीच नाही. पण खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगवत नाही, अशा वेळी माणूस बटणांचं कौतुक करत बसतो.

माझं काम तसंच चाललंय. वजनांची पेटी घेऊन या गोदामातून त्या गोदामात जायचं, काटे तपासायचे, संध्याकाळी लॉजवर यायचं. गोदामातली माणसं मला ग्रॅमबाई म्हणतात. मी आले की कुणीतरी हळूच म्हणतं, "श्वास धरा रे, काटा हलेल," आणि सगळे हसतात. मीही हसते. पण काम संपलं की ते आपापल्या घरी जातात आणि मी लॉजच्या जेवणघरात भिंतीकडे तोंड करून बसते. समोर रिकामी खुर्ची नको वाटते, त्यापेक्षा भिंत बरी. बसमध्ये शेजारच्यानं बोलू नये म्हणून हेडफोन घालते, आणि कुणी बोललं नाही की वाईटही वाटतं. असं माझं आहे.

कामावर पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, काटा तपासताना सुरुवात कशानं करशील? मी म्हटलं, काहीच न ठेवता. रिकामा काटा शून्य दाखवतो का, ते आधी बघायचं. ते म्हणाले, हे कुठे शिकलीस? काय सांगणार? माझी पहिली शाळा म्हणजे तुमचं दुरुस्तीचं टेबल. कुणाचाही रेडिओ, टेप दुरुस्त झाला की तुम्ही गाणं लावायचा नाहीत. आवाज पूर्ण वर न्यायचा, काहीही न वाजवता, आणि आपण तिघांनी गप्प बसून ऐकायचं. "वाजवतात सगळेच. याला गप्प बसता येतं का, ते सांगा." कुठे घरघर, कुठे खरखर, ते मी बोटानं दाखवायची. आई भाजी चिरायची थांबायची, आणि तुम्ही समाधानानं मान डोलावलीत की म्हणायची, "लग्नाआधी माझी ही परीक्षा घेतली असतीत तर मी काही पास होत नव्हते." एकदा स्वयंपाकघरातूनच ती ओरडली होती, "अहो, शिट्टी येतेय त्यातून!" आणि तुम्ही, "मला काय ऐकू येत नाही?" म्हणत पुन्हा पेचकस हातात घेतला होता. तेव्हा तुम्हा दोघांनाही ऐकू यायची ती.

तुमची डबी आली तेव्हा मीही तेच केलं. लॉजवर दार लावून घेतलं, हेडफोन घातले, काहीही न लावता आवाज वर नेला.

बाबा, शिट्टी येते. बारीक, उंच, अगदी वरच्या टोकाची. गाणं चालू असलं तरी ती मागे असतेच, बंद खोलीत एकच डास असावा तशी.

पहिल्यांदा वाटलं, माझेच कान. मग वाटलं हेडफोन, म्हणून दुसरे आणले. मग वाटलं, लॉजमधल्या विजेचं काही असेल, म्हणून शेतातल्या मोकळ्या रस्त्यावर जाऊन ऐकलं. तुमच्या हातची वस्तू चुकलीय यापेक्षा सगळ्या जगाचं काहीतरी बिघडलंय हे मानणं मला सोपं गेलं. शेवटी एका मोठ्या दुकानात गेले, असले खिशातले ॲम्प्लिफायर मिळतात तिथे. म्हटलं, चार ऐकून बघू, कदाचित सगळेच अशी शिट्टी मारत असतील.

मारत नव्हते. विकणाऱ्या मुलीनं एकेक काढून दिला. एक काडेपेटीएवढा, फोनलाच लोंबणारा, पण त्याला मागे वाळू चाळल्यासारखी खरखर होती. दुसरा दणदणीत, पण खिशात विटेएवढा जड, आणि फोन जवळ नेला की गुरगुरायचा. तिसरा मात्र बाबा, काय सांगू. आवाज पूर्ण वर, आणि आत काही नाही. मला माझ्याच मानेतली नाडी ऐकू आली. ती मुलगी म्हणाली, "ताई, लोक गाणी लावून निवडतात. तुम्ही तर काहीच न लावता ऐकत बसलाय!" मग तिनं तुमची डबी बघायला मागितली. उघडून आतलं काम बघितलं आणि म्हणाली, "किती सुबक हात आहे हो." मला इतका अभिमान वाटला. मग तिनं हेडफोन घातले, कपाळाला आठी पडली, आणि तिनं अगदी सहज विचारलं, "ज्यांनी बनवलं, त्यांना ही शिट्टी ऐकू येत नाही का?"

मी काहीतरी पुटपुटले, पसारा केल्याबद्दल दोनदा माफी मागितली आणि बाहेर येऊन फुटपाथवरच्या कठड्यावर बसले. रस्ता भरून वाहत होता. तुम्ही न तपासता ती डबी पाठवली नसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. तुम्ही टेबलाशी बसला असाल, आवाज पूर्ण वर नेला असेल, डोळे मिटले असतील, आणि तुम्हाला शांतता ऐकू आली असेल. मग समाधानानं मान डोलावली असेल. "शिट्टी येतेय" म्हणायला घरात आता दुसरं कुणी नाही.

मग एकेक जुळत गेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, तुझे बाबा हल्ली सगळ्या जिन्याला बातम्या ऐकवतात. दाराची बेल बिघडलीय असं तुम्ही म्हणालात, आणि मी घरी आले तेव्हा ती नीट वाजत होती. आणि गेल्या आठवड्यात मी फोनवर हिंमत करून सांगितलं, बाबा, मला इथे फार एकटं वाटतं, रात्री झोप लागत नाही. तुम्ही म्हणालात, "वा, छान झालं! अशीच राहा." मी फोन ठेवून रडले. मला वाटलं, तुम्हाला माझं काही वाटत नाही. आता कळलं, ते वाक्य तुमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. म्हणून हे पत्र. हे तुम्हाला नीट ऐकू येईल.

दुकानातला तो तिसरा मी घेतला नाही. पुढच्या शनिवारी रजा टाकून येतेय, डबी बरोबर आणतेय. टेबल आवरून ठेवा. तुम्ही उघडा, तुम्हीच सोल्डर लावा; शिट्टी गेली की मी बोट वर करीन. पण त्याआधी सकाळी आपण दोघं कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. मी सगळी चौकशी केलीय. काचेच्या बंद खोलीत बसवतात, हेडफोन घालतात, आणि बारीक आवाज आला की बटण दाबायला सांगतात. आपलं रिकामं ऐकणंच ते, तुम्हाला काही नवीन नाही. मी काचेबाहेर तुमच्या समोरच बसेन. माझ्या चेहऱ्याकडे बघून दाबू नका, बाबा. ऐकू आलं तरच दाबा, आणि नाही आलं तर नुसते बसून राहा. मी तिथेच असेन.

तुमचीच,
चिमटी